मावशींच्या झग्याची किनार

साखळीस आम्ही राहतो त्या घराच्या स्वयंपाकघरात एक लाकडी फळी आहे. लोणच्याची बरणी, कोकमाचा डबा आणि मिठाचे मडके अशा तिघांची तिच्यावर वस्ती. पाच वर्षांपूर्वी आम्ही ह्या धर्मग्रामात आलो तेव्हा ही फळी खिडकीच्या वरच्या चौकटीच्या पातळीस होती. पुढे ती वीतभर खाली आली आणि दोन वर्षांनी आणखी चार बोटे खाली आली. दोन्ही वेळा सुतारास बोलावणाऱ्या आमच्या घरच्या मावशीच होत. स्वयंपाकघर त्यांच्या राज्यात मोडते. तेथे आमचा अधिकार चालत नाही.

“मावशी, फळी वर चढते आहे, की तुम्ही ठेंगण्या होत आहात?” असे आम्ही एकदा थट्टेने विचारले.

“वय झाले की माणूस जमिनीकडे पाहू लागतो, फादर,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघेही हसलो.

आज ते हसणे आठवले म्हणजे मनास चुटपुट लागते. म्हणून मावशींची परवानगी घेऊन हा मजकूर लिहीत आहोत. नाव मात्र छापावयाचे नाही, अशी त्यांची अट आहे. ती आम्ही पाळतो.

मावशींचे वय आज चौसष्ट आहे. रविवारच्या मिस्साला त्या पांढऱ्या ठिपक्यांचा एक झगा घालतात. धाकट्या मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी तो स्वतःच्या हाताने शिवला. त्या वेळी त्याची किनार घोट्याच्या वर होती. अलीकडे ती पुढच्या बाजूने जमिनीला घासू लागली, म्हणून मावशींनी ती एकदा उसवून वर घेतली, मग दुसऱ्यांदा घेतली. कापड काही वाढत नसते. परंतु एवढे साधे गणित आमच्या ध्यानात आले नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो, लॅटिनचे पाठ घोकले. घरातल्या माणसाच्या झग्याकडे कसे पाहावे, हे मात्र आम्हांस कोणी शिकविले नाही.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढात मावशी मागच्या दाराच्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरल्या. आमच्या डिचोली तालुक्यातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चिऱ्यावर चढणारे शेवाळे ठाऊक असेल. पडणे मोठे नव्हते. उभ्या जागी पाय सरकला आणि त्यांनी हात टेकला, इतकेच. पण मनगट मोडले. एका रुग्णालयात सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले, ते काढले, हात सरळ झाला म्हणून सर्वांनी देवाचे आभार मानले. साठ वर्षांची धडधाकट बाई उभ्या उंचीवरून पडते काय आणि हाड मोडते काय, असा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. आम्हीही विचारला नाही.

दोन वर्षे गेली. एके सकाळी विहिरीवरून कळशी उचलताना मावशींच्या पाठीत काहीतरी कट्‌ असे झाले. त्या खाली बसल्या त्या पुष्कळ वेळ उठल्याच नाहीत. महिनाभर त्यांना कुशीवर वळताना घाम फुटत असे. आम्ही काय केले, ते सांगावयास लाज वाटते, पण सांगतो. आम्ही निलगिरीचे तेल आणून दिले, शेकावयास पिशवी दिली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक क्रूस येतो, तो सोसावा, असा उपदेश केला. उपदेश देणे सोपे असते. त्याला खर्च येत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका कुबड आलेल्या स्त्रीची हकीकत आहे. अठरा वर्षे तिला ताठ उभे राहता येत नव्हते. हा उतारा घेऊन आम्ही आजवर अनेक वेळा प्रवचन केले आहे. प्रत्येक वेळी शब्बाथाचा वाद, सभास्थानाच्या अधिकाऱ्याचा दांभिकपणा, नियम आणि दया यांचा झगडा, ह्यांवर आम्ही भरपूर बोललो. त्या बाईची पाठ कशी दुखत असेल, ह्यावर एक अक्षर बोललो नाही. मागील वेळी हे प्रवचन चालू असता मावशी तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या आणि त्यांची मान पुढे झुकलेली होती. प्रवचन मनाला भिडले म्हणून त्या मान घालून बसल्या आहेत, असा आमचा समज झाला.

गेल्या नाताळात आमच्या थोरल्या भावाची कन्या चार दिवस आमच्याकडे राहावयास आली. ती डॉक्टर आहे. रात्री नेवऱ्या तळावयाचे काम चालले होते. मावशी कढईपाशी उभ्या होत्या आणि मधूनमधून ओट्याला टेकत होत्या. पोरगी काही वेळ त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली, आणि मग अगदी सहज आवाजात तिने विचारले, “मावशी, तुमची पाळी कोणत्या वर्षी गेली?”

आमच्या हातातली नेवरी ताटात पडली. आम्ही उठून बाहेर जाऊ लागलो. तशी ती म्हणाली, “फादरकाका, बसा तुम्ही. तुमच्या धर्मग्रामात निम्म्या बायका आहेत.”

आम्ही बसलो. मावशी थोड्या लाजल्या, पण बोलल्या. एकोणचाळिसाव्या वर्षी अंगावरून फार जात असे; पोटात गाठी होत्या; डॉक्टरांनी पिशवी काढली आणि सोबत दोन्ही अंडाशयेही काढून टाकली. त्या वेळी सर्वजण म्हणाले की, बरे झाले, कटकट गेली. त्यानंतर अंगातून वाफा निघत, रात्री झोप लागत नसे. तेही दोन-तीन वर्षांत ओसरले. ह्याचा हाडांशी काही संबंध असेल, हे त्यांना पंचवीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

पोरीने मावशींच्याच शिवणाच्या डब्यातली फीत मागून घेतली. प्रथम तिने त्यांना भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभे केले. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकेना; मध्ये चार बोटे अंतर राहिले. मग तिने त्यांची उंची मापली, ती १४७ सेंटिमीटर भरली. नंतर दोन्ही हात आडवे पसरावयास सांगून एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत मापले; ते १५४ भरले. तरुणपणी माणसाची उंची साधारणपणे ह्या पसरलेल्या हातांइतकी असते, आणि हात काही वयाने आखूड होत नाहीत. “सात सेंटिमीटर कुठे गेले, मावशी?” ती म्हणाली. मावशींनी नकळत झग्याच्या किनारीकडे पाहिले.

त्या रात्री उशिरापर्यंत आम्ही तिला प्रश्न विचारीत राहिलो. आमची समजूत अशी की, हाड म्हणजे खांबासारखी मेलेली वस्तू. म्हातारपणी तिच्यातला चुना उडून जातो. दूध प्यावे म्हणजे झाले. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही, पण अपुरी आहे. हाड जिवंत असते आणि त्याचे पाडकाम व बांधकाम जन्मभर चालते. त्याचा जुना भाग खणून काढणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. खड्डा नव्या हाडाने भरणाऱ्या वेगळ्या, त्यांना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. प्रौढ माणसाचा जवळजवळ सारा सांगाडा सुमारे दहा वर्षांत अशा रीतीने नवा होतो.

आमच्या भागातल्या वाचकांना हे समजण्यास अडचण पडू नये. २०१२ साली खाणी बंद पडण्यापूर्वी साखळी-डिचोलीच्या रस्त्यांवरून लोहखनिजाचे ट्रक रांगेने जात, ते आपण पाहिले आहे. डोंगर खणावयास यंत्राला किती वेळ लागतो, आणि तोच खड्डा पुन्हा मातीने भरून त्यावर झाड उभे करावयास किती लागतो? हाडातही तसेच असते. एक खड्डा खणण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, तो भरावयास मात्र काही महिने लागतात. जोवर खणणाऱ्यांची संख्या बेताची असते तोवर भरणारे त्यांना गाठतात. खणणारे वाढले की भरणारे कायमचे मागे पडतात.

खणणाऱ्यांची संख्या बेतात ठेवणारा जो मुकादम स्त्रीच्या शरीरात असतो, त्याचे नाव इस्ट्रोजेन. हा स्राव मुख्यतः अंडाशयांतून येतो. पाळी जाण्याच्या सुमारास तो आटतो. आपल्या देशात ही वेळ सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास येते, पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांपेक्षा काही वर्षे अगोदर. अंडाशये काढली तर तो एका दिवसात जातो. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांचा वीस टक्क्यांपर्यंत भाग झिजतो. पुरुषाच्या हाडांची झीज अशी एकाएकी होत नाही, हळूहळू होते. ह्या झिजेचा आणि इस्ट्रोजेनचा संबंध बॉस्टनचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ साली मांडला. म्हणजे ही गोष्ट नवी नव्हे; आमच्या कानांवर आली नव्हती, एवढेच.

खरी नवलाची गोष्ट त्यापुढे आहे. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचा हाडांशी काय संबंध? पण ह्या शिपायांचे जन्मस्थान हाडाच्या पोकळीतील मगजच आहे. इतकेच नव्हे, तर हाड खणणाऱ्या पेशी आणि ह्या शिपायांतील काही जाती एकाच कुळातल्या आहेत. चुलत भावंडांसारखी ती एका घरात वाढतात. १९७२ साली असे दिसून आले की, माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काचपात्रात चेतवून त्यांच्याभोवतीचा द्रव हाडाच्या तुकड्यावर घातला, तर हाड विरघळू लागते. शिपाई हाताने हाड खणत नव्हते. ते खणणाऱ्यांना हाक घालीत होते. ती हाक म्हणजे नेमके काय, हे १९९७-९८ च्या सुमारास उमगले. रँक-एल नावाचे ते एक प्रथिन आहे. हे प्रथिन येऊन भेटल्याखेरीज कोवळ्या पेशीची ऑस्टिओक्लास्ट बनत नाही. शरीराने ह्या हाकेवर उताराही ठेवला आहे. दुसरे एक प्रथिन मध्येच ती हाक झेलून वाया घालविते. इस्ट्रोजेन असताना उतारा भरपूर असतो आणि हाक बेताची.

इस्ट्रोजेन गेले म्हणजे काय होते? खणणाऱ्या पेशी एरवी काम संपले की लवकर मरतात; आता त्या अधिक काळ जगतात. आणि शिपायांमध्ये चलबिचल सुरू होते. २००० साली रोबेर्तो पाचिफिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या माद्यांची अंडाशये काढली तर त्यांची हाडे झिजतात, हे ठाऊक होतेच. पण ज्यांच्या अंगी टी-पेशी नावाचे शिपाई जन्मतःच नव्हते, अशा माद्यांची अंडाशये काढली, तेव्हा त्यांची हाडे तशी झिजली नाहीत! म्हणजे झिजेच्या ह्या कारस्थानात टी-पेशींचा हात होता. त्या पेशी टीएनएफ नावाचा दाहक पदार्थ अधिक सोडतात आणि त्याने खणणाऱ्यांस जोर येतो. पुढे २०१२ साली आपल्याच लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील संशोधकांनी दाखविले की, इस्ट्रोजेन आटल्यावर उंदरांत टी-पेशींची आणखी एक तामसी जात वाढते, आणि ती आयएल-१७ नावाचा पदार्थ सोडून रँक-एलची हाक मोठी करते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली ह्या विषयाला इम्युनोपोरोसिस असे नावच दिले.

आमच्या मनात सर्वांत अधिक राहिली ती स्मृतिपेशींची गोष्ट. लहानपणी येऊन गेलेल्या गोवराची, जुन्या तापाची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी हाडाच्या मगजात वर्षानुवर्षे स्वस्थ बसून असतात. अलीकडच्या प्रयोगांत असे दिसले आहे की, इस्ट्रोजेन गेल्यावर मगजातील काही पहारेकरी पेशी नेहमीपेक्षा जास्त दिवस टिकतात आणि सारखे इशारे देत राहतात. त्या इशाऱ्यांनी ह्या जुन्या शिपायांपैकी काही शत्रू आलेला नसतानाच उठतात, हत्यारे परजतात, टीएनएफ आणि आयएल-१७ सोडू लागतात. युद्ध नाही, आणि गाव मात्र खणले जात आहे. आम्ही हे ऐकून गप्प बसलो. पोरीने लगेच आम्हांस जमिनीवर आणले. “फादरकाका, हे बहुतेक उंदरांत पाहिलेले आहे. सगळ्या प्रयोगशाळांत सारखा निकाल आलेला नाही. माणसात ह्याचा वाटा किती, ते अजून मोजले जात आहे. प्रवचनात सांगाल तर जपून सांगा.” आम्ही प्रवचनात सांगितले नाही; येथे जपून सांगत आहोत.

परंतु एक औषध ह्याच शोधातून निघाले आहे, आणि ते उंदरांसाठी नव्हे. डेनोसुमॅब नावाची सुई रँक-एलची हाक वाटेतच पकडते. २०१० साली ती वापरात आली. सहा महिन्यांनी एकदा घ्यावी लागते. तिच्याबाबत एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडून दिली, तर दाबून ठेवलेले खणणारे एकदम उसळतात आणि पाठीचे मणके मोडू शकतात. ती थांबवावयाची असेल तर डॉक्टरांस विचारून, दुसरे औषध सुरू करूनच थांबवावी.

मावशींच्या एकोणचाळिसाव्या वर्षाकडे आम्ही पुन्हा वळतो. कारण ती हकीकत त्यांच्या एकट्यांची नाही. “पिशवी काढली” हा शब्दप्रयोग आम्ही ह्यापूर्वीही ऐकला होता. २०१९ साली महाराष्ट्रातील बीड जिल्ह्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या, तेव्हा तो रोज छापला जाई. तेथील ऊसतोडीच्या मजूर कुटुंबांत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेऊन ती दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. बाई पाळीमुळे एक दिवस घरी राहिली तर खाडा पडतो आणि दंड बसतो. पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून पिशवी काढण्याचा सल्ला मिळे, आणि कर्ज काढून ती शस्त्रक्रिया करून घेई. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहा जणींत एक! पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या होत्या.

ती बातमी आम्ही त्या वेळी वाचली, हळहळलो आणि पान उलटले. आमचा समज असा होता की, अन्याय झाला खरा, पण तो पैशाचा आणि लेकराबाळांचा. हाडांचा हिशेब आम्ही त्यात धरला नव्हता. केवळ गर्भाशय काढले आणि अंडाशये जागेवर ठेवली, तर इस्ट्रोजेन लगेच जात नाही. तथापि अशा स्त्रियांची अंडाशये इतरांपेक्षा काही वर्षे आधी थकतात. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली, तर तिशी-पस्तिशीची बाई एका रात्रीत पन्नाशीची होते, आणि तिला उसाची मोळी डोक्यावर घेऊन पुढची वीस वर्षे ट्रकवर चढावयाचे असते. मोळीचे वजन आणि मावशींची कळशी, ही दोन्ही आम्हांस आता एकाच वेळी दिसतात.

अशा लहान वयात अंडाशये काढावीच लागली, तर दुसरी काही अडचण नसल्यास नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून द्यावे, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत अशा उपचाराने स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो असे दिसल्यावर जगभर भीती पसरली. परंतु त्या पाहणीतील स्त्रिया सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. मावशींना ह्यातले काही सुचविले गेले नाही. आता त्या उपचाराची वेळ निघून गेली आहे.

नाताळानंतर आम्ही मावशींना घेऊन पणजीस गेलो. पाठीच्या क्ष-किरण चित्रात दोन मणके पुढच्या बाजूने चेपून पाचरीसारखे झालेले दिसले. म्हणजे कळशी उचलताना झालेला तो कट्‌ असा आवाज हाड मोडल्याचाच होता, आणि आम्ही त्यावर निलगिरीचे तेल चोळावयास दिले होते. हाडांची घनता मापण्याची डेक्सा नावाची एक तपासणी असते. तीत सुई नाही, वेदना नाही, केवळ पंधरा मिनिटे पडून राहावयाचे. उणे अडीच किंवा त्याहून खाली आकडा गेला तर हाडे ठिसूळ समजावीत, असा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घालून दिला. मावशींचा आकडा उणे तीन पूर्णांक चार आला.

डॉक्टरांनी आठवड्यातून एक गोळी दिली. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि मग अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, नाही तर अन्ननलिकेस इजा होते. मावशींनी त्यासाठी रविवार निवडला, कारण तो विसरावयाचा नाही. दोन रविवार त्या कम्युनियनला आल्याच नाहीत. आम्ही कारण विचारले. “गोळीने उपास मोडतो ना, फादर?” पाणी आणि औषध यांनी कम्युनियनपूर्वीचा उपास मोडत नाही, हे आम्ही त्यांस सांगितले. वाचकांपैकी कोणाला हीच शंका असेल, तर तिने औषध सोडू नये.

राहिली खाण्याची गोष्ट. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते. आमच्या आयांच्या हातची नाचणीची आंबील, काट्यांसकट खाल्लेली बारीक सुकी मासळी, हे आम्ही गरिबीचे अन्न म्हणून मागे टाकले आणि पाव-बिस्किटे घरात आणली. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, पण बायका ते अंगावर घेत नाहीत, त्यामुळे ड जीवनसत्त्व अंगात कमी असलेल्या पुष्कळजणी निघतात. चालणे आणि बेताचे वजन उचलणे हाडास हितकारक आहे. मात्र मणके मोडलेल्या बाईने कमरेत वाकून कळशी उचलावयाची नाही. मावशींची कळशी आता आम्ही उचलतो. आमची हाडे अजून चांगली आहेत, आणि विहिरीपाशी आम्हांस पाहून शेजारच्यांची करमणूकही होते.

फेब्रुवारीच्या एका रविवारी मिस्सानंतर पोरीला पुन्हा बोलावून आम्ही धर्मग्रामातील स्त्रियांस सभागृहात बसविले. विषय काय, ते आम्ही वेदीवरून जाहीर केले. “पाळी गेल्यानंतर हाडांची काळजी” हे शब्द उच्चारताना आमचा घसा सुकला, हे कबूल करतो. मागच्या बाकावरचे दोघे-तिघे पुरुष खाली पाहू लागले. एकाने नंतर आम्हांस विचारले की, हे वेदीवरून सांगावयाचे असते काय? आम्ही म्हटले की, तुमच्या आईचे कंबरेचे हाड मोडले, तेव्हा तुम्ही आम्हांस वेदीवरून प्रार्थना करावयास सांगितले होते. ते चालते, तर हेही चालेल. त्यावर तो काही बोलला नाही. त्याची आई त्या मोडल्या हाडावरून पुन्हा उठली नव्हती, हे आम्हांस नंतर आठवले आणि आपण फार तोडून बोललो असे वाटले.

सभागृहात पोरीची ओळख करून देऊन आम्ही बाहेर पडलो आणि ओसरीवर जाऊन बसलो. आतून प्रथम काहीच ऐकू येईना. पोरगी काही विचारीत होती आणि कोणी उत्तर देत नव्हते. मग मावशींचा आवाज आला. तो आवाज आमच्या स्वयंपाकघरातून रोज ऐकू येतो तितकाच खणखणीत होता. “माझी पिशवी एकोणचाळिसाव्या वर्षी काढली. कोणाला लाज वाटत असेल तर माझ्याकडे बघा, मी सात सेंटिमीटर कमी झाले आहे.” कोणीतरी हसले. त्यानंतर खुर्च्या सरकविल्याचा आवाज झाला, आणि मग एकदम इतक्या जणी बोलू लागल्या की, आम्हांस त्यांतले काही कळेना. ओसरीवर आमच्यापाशी बसलेल्या घंटा वाजविणाऱ्या म्हाताऱ्याने विचारले, “आत भांडण लागले काय, फादर?”

दीड तासाने सभा सुटली. अकरा जणींनी तपासणीसाठी नावे दिली. त्यांतल्या तिघींची पिशवी चाळिशीच्या आत काढलेली होती. त्यांपैकी दोघींना अंडाशये काढली की ठेवली, हेच ठाऊक नव्हते. शस्त्रक्रियेचे जुने कागद घरी शोधावयास पोरीने त्यांस सांगितले. एकीने ते कागद भिंतीला लावावयाच्या खळीत घालून संपविले होते. दुसरीचे सापडले. ते आमच्याकडे आले आहेत आणि पोरीकडे पाठवावयाचे आहेत.

मावशी सर्वांच्या मागून बाहेर आल्या. किनार हाताने उचलून धरून त्या ओसरीच्या पायऱ्या एकेक करून उतरल्या आणि आमच्यापुढे उभ्या राहिल्या.

“फादर, मागच्या दाराच्या पायऱ्यांना पावसाळ्याआधी कठडा पाहिजे.”

“सुताराला निरोप धाडतो,” आम्ही म्हणालो.

“सुतार नको. लाकूड दोन पावसांत कुजते. लोहाराला बोलवा.”